टेम्पोवरची छत्री

शिरूर, १४ नोव्हेंबर २००६

चि. हर्षदा,

नावामागं सौ. लावावं का न्हाई ते कळंना, म्हणून नुसतं चि. लिहिलं. रागावू नको.

फोन केला की तू माझा आवाज ऐकतीस आन् ठेवून देतीस. तसं करू नको असं मी म्हणत न्हाई. पण पत्र निदान घरात तरी येईल. आज न्हाई वाचलंस तर उद्या वाचशील. पत्ता शेजारच्या झुंबरबाईंकडनं घेतला. त्यांचा भाचा तुझ्याच कंपनीत कामाला हाय. त्याच्यावर चिडू नको.

लिहायचं कारण असं, की आम्ही घराला कुलूप लावून निघालोय. मी आन् तुझी आई. आपल्या टेम्पोतनं कांदा वाहायचं मी बंद केलं. मागं नवीन हूड टाकलं, लोखंडी कॉट खालच्या पत्र्याला पक्की केली, स्टो, पाण्याचा पिंप, भांड्याचं खोकं, सगळं बसलं. जिथं जागा सापडेल तिथं मुक्काम, कंटाळा आला की पुढं. शेत वाट्यानं दिलंय, त्याची काळजी न्हाई. जन्मभर मी गाडी हाकली आन् तिला कवा शेजारी बसवली न्हाई. आता बसते. खिडकीतनं बघत बसते आन् गाडी चालू हाय तंवर खुशीत असते. चार देव बघून येऊ म्हटलं.

अडचण एकच झालीय, टीव्हीची. घरात केबल होती. टेम्पोला केबल कुठनं आणायची? म्हणून दूरदर्शनची ती फुकटातली छत्री घेतली, आन् बॅटरीवर चालणारा बारका टीव्ही. दुकानदारानं दुकानाच्या गच्चीवर लावून दाखवली तवा चित्र आरशासारखं. रांजणगावला जाऊन मी लावली तर नुसत्या मुंग्या. दोन तास फिरवली. तुझ्या आईची संध्याकाळी सातची मालिका असते, ती बघितल्याबिगर तिला चैन पडत न्हाई. एवढंच. बाकी तिची तब्येत बरी हाय.

उत्तर पाठवायलाच पाहिजे असं न्हाई. वाटलं तर झुंबरबाईंच्या पत्त्यावर टाक, आम्ही अधूनमधून शिरूरला येतो.

तुझा आप्पा


चौफुला, २६ नोव्हेंबर २००६

चि. हर्षदा,

छत्रीनं माझा लई दम काढला. न्हावऱ्याला मोकळं मैदान बघून गाडी लावली. हूडाच्या बांबूला छत्री बांधली, वारं सुटलं की ती मान हलवायची. मी वर चढून फिरवायचो आन् तुझ्या आईला म्हणायचो, पडद्यावर काय दिसलं की हाक मार. खालनं आवाजच न्हाई. उतरून बघतो तर कॉट मोकळी.

लांब गेली नव्हती. जरा पाय मोकळे करायला निघाली असंल. मोठ्या रस्त्यावरच्या रसवंतीवाल्यानं तिला हाताला धरून आणली. म्हणाला, "बाबा, आजीला गाव इचारलं तर सांगता येईना, आन् पायात चपला बी न्हाईत." लोकांना काय, काही बी बोलतात. चपला तिनं गाडीतच काढून ठेवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी गाडी दौंडला नेली. तुझ्या सासरच्या गल्लीकडं गेलो न्हाई, स्टेशनाकडनंच वळलो. तिथं जयसिंग म्हणून डिश बसवणारा भेटला. माझा बांबू बघून हसला. "आप्पा, ही काय रेडिओची काडी हाय व्हय? बोटभर सरकली तरी गेली." त्यानं गाडीच्या कोपऱ्याला लोखंडी पाइप वेल्ड करून दिला आन् छत्री त्याच्यावर चढवली. म्हणाला, "नव्या ठिकाणी गेलात की मावळतीकडं पाठ करून उभं राहायचं आन् मग उजव्या खांद्याकडं निम्मं वळायचं. म्हंजी आग्नेय. झाड न्हाईतर भिंत आडवी आली तर छत्रीशी भांडायचं न्हाई, गाडी हलवायची."

तसं केलं. आज हितं मालिका लागली. तुझी आई सगळा वेळ जागची हलली न्हाई. मी चुलीवर... स्टोवर पिठलं टाकलं आन् आज कितीतरी दिवसांनी ते करपलं न्हाई.

तुझी कंपनीची सुट्टी कोणत्या वाराला असते? सहज इचारलं.

आप्पा


खुटबाव, ९ डिसेंबर २००६

चि. हर्षदा,

मागच्या दोन पत्रांत मी तुला बरोबर लिहिलं न्हाई. तुझी आई बरी न्हाई.

सुरुवात कवा झाली सांगता येत न्हाई. आधी भाजीत मीठ पुन्हा पुन्हा पडायला लागलं. मग तिला शिरूरच्या बाजारातनं घरचा रस्ता सापडंना. मग एक दिवस दिवेलागणीला लुगडी बोचक्यात बांधून दारात उभी. "चला घरी." मी म्हटलं, "साखरे, हेच की आपलं घर." तर म्हणाली, "मला फसवू नका. हे लोकांचं घर हाय."

तवापासनं रोज. दिवस मावळायला लागला की बोचकं काखेत. एकदा घोडनदीच्या पुलावर सापडली. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, विसरण्याचा आजार हाय, गोळ्यांनी थोडा दमानं वाढंल, पण वाढणारच. लोक म्हणाले कोंडून ठेवा. मी दूध आणायला जाताना एकदाच बाहेरनं कडी घातली. परत आलो तर दारावर आपटून आपटून तिची बोटं सोलली होती. मग मी कडी काढूनच टाकली.

गाडीत मात्र ती शांत बसते. गाडी चालू असली की तिला वाटतं आपण घरीच चाललोय. म्हणून हे फिरणं. देवाबिवाचं मी उगंच लिहिलं होतं. पण दिवसभर गाडी चालवून संध्याकाळी कुठंतरी थांबावंच लागतं, आन् नेमकी तीच येळ तिच्या उठून चालायची. त्या येळेला टीव्ही लागला तर बसते. न लागला तर मला तिच्यामागनं चालावं लागतं. छत्रीसाठी मी एवढा जीव का टाकतो ते आता तुला कळलं असंल.

मला वाटलं, तिला माहेरचं घर हवं असंल. म्हणून हितं खुटबावला आलो. तुझ्या हरिबामामानं नवीन स्लॅबचं घर बांधलंय, पण जुनी चिंच तशीच हाय. हरिबा पाया पडला. तिनं त्याला "सुखी राहा बाळा" म्हटलं आन् मला हळूच इचारलं, "ही कुणाची माणसं?" चिंचेखाली नेलं. तिथं तिनं बराच येळ वर बघितलं. मला वाटलं आता ओळखंल. तर म्हणाली, "अंधार पडतोय. चला घरी."

हरिबा बाजूला जाऊन डोळे पुसत होता. मी त्याला म्हटलं, रडू नको, छत्री धर. दोघांनी मिळून ती पाइपावर चढवली.

आप्पा


खुटबाव, १७ डिसेंबर २००६

चि. हर्षदा,

तुझ्या आईचा उजवा हात मोडलाय. केडगावच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं. कसा मोडला ते सांगतो.

तिच्या मालिकेत एक सुमन म्हणून पोरगी हाय. तिला सासरच्यांनी छळून छळून घराबाहेर काढलंय. गुरुवारी असं दाखवलं की ती माहेरच्या दारात येते आन् तिची आई आतनं कडी लावते. तुझी आई हमसून हमसून रडायला लागली. "अहो, काळीज हाय का काय हाय त्या बाईला? पोटची पोर दारात उभी हाय. अगं, घे की तिला आत!" टीव्हीला हात लावून सांगत होती.

मला ते बघवंना. तू दौंडहून बॅग घेऊन आलीस त्या दिवशी हीच बाई उंबऱ्यात आडवी उभी होती. "दिलेल्या घरी नांदायचं, माघारी फिर" हे हिचेच शब्द. मी त्या दिवशी मार्केट यार्डात कांदा घेऊन गेलो होतो. घरी असतो तर असं होऊ दिलं नसतं.

मी म्हटलं, "साखरे, तू काय केलं होतंस?"

"मी? मी काय केलं?"

"हर्षदा आली होती ना अशीच. दारात."

तिनं डोळे पुसले आन् माझ्याकडं बघितलं. अगदी साधं, एखाद्या पाव्हण्याला इचारावं तसं इचारलं, "कोण हर्षदा?"

मी उठलो आन् बॅटरीची वायर उपसली. टीव्ही बंद. हापशावर जाऊन तोंडावर पाणी मारलं, तिथंच जरा बसलो. परत आलो तर ती गेली होती. हरिबा आन् वस्तीवरची माणसं बॅटऱ्या घेऊन निघाली. उसाच्या कडेला, पाटाच्या ओल्या चिखलात ती बसलेली सापडली. हात पोटाशी धरला होता. मला बघून म्हणाली, "घर सापडंना हो."

हरिबा हितंच राहा म्हणतोय. पण कालपासनं त्याची सून आमच्यासाठी दोन डोळे दारावर ठेवून बसलीय, रानात जाऊ शकत न्हाई. उद्या निघतो.

आप्पा


शिक्रापूर, ३ जानेवारी २००७

चि. हर्षदा,

तू म्हणाली होतीस, माझ्या खोलीकडं यायचं न्हाई. मी आलो न्हाई. पण सणसवाडीला मागच्या आठवड्यात आमचा एक मुक्काम झाला. तुझ्या चाळीच्या मागं ती मोकळी जागा हाय ना, जिथं परप्रांतातली पोरं क्रिकेट खेळतात, तिथं.

गाडी लावली तर आग्नेयेला कंपनीची शेड आडवी. पुढं घेतली तर विजेचा खांब. शेवटी हूडावर चढलो आन् छत्री हातानंच उंच धरली. तवाच कंपनीची बस आली. तू उतरलीस. निळा कोट होता अंगात. किती वाळलीस गं. दुकानावर थांबलीस, दुधाची पिशवी घेतलीस. शेजारची कुणी बाई काहीतरी बोलली त्यावर हसलीस बी. तू हसतीस हे बघून बरं वाटलं.

खालनं तुझी आई इचारत होती, "अहो, दिसतंय का काही?"

मी म्हटलं, "दिसतंय."

"मग मला का दिसंना?"

तू खोलीत गेलीस, दार लावलंस. मी छत्री धरून तसाच उभा राहिलो. त्या दिवशी मालिका लागली न्हाई. मी तिला कॅबिनमध्ये बसवलं आन् शिक्रापूरपर्यंत गाडी चालवत आणली. तवापासनं हितंच हाय.

डॉक्टर म्हणाले होते, आता तिची माणसं ओळखायची शेवटची वर्षं हायत. ती वर्षं का महिने ते त्यांनी सांगितलं न्हाई. तुझ्यावरचा तिचा राग आता डोक्यात कुठंच राहिलेला न्हाई. मला वाटतं ही येळ चांगली हाय. तू ये असं मी म्हणत न्हाई. कळवतोय फक्त. वीस तारखेपर्यंत आम्ही रांजणगावला देवळामागच्या मैदानात असू.

आप्पा


सणसवाडी, ९ जानेवारी २००७

आप्पा,

तुमची सगळी पत्रं मिळाली. वाचली.

माझ्या खोलीमागे गाडी लावता, मला दूध घेताना बघता आणि हाक मारत नाही. तुमची ही सवय जुनी आहे. त्या दिवशी तुम्ही मार्केट यार्डात होतात असं लिहिलंय. आप्पा, टेम्पो अंगणात उभा होता. बॉनेट गरम होतं, मी त्याच्यावर हात टेकून चप्पल घातली. तुमच्या चपला दारात होत्या. आई बोलत होती तेव्हा आतल्या खोलीत रेडिओ चालू होता, आणि मग तो बंद झाला. मी थोडा वेळ थांबले. कुणी बाहेर आलं नाही.

आईनं निदान तोंडावर सांगितलं. मी सहा वर्षं तिच्यावर चिडले, पण कोडं तुमचं होतं.

इथे माझं बरं चाललंय. मी लाइनवर आता सुपरवायझर आहे. हाताखाली बारा बायका आहेत, निम्म्या बिहारच्या. त्यांच्याशी हिंदीत भांडते. कुणाला माझ्या सासर-माहेराची चौकशी करायला वेळ नाही, ते मला आवडतं.

गुरुवारी सुट्टी असते. अठरा तारखेला येईन. आईचा राग गेला म्हणून नाही येत. तिच्या हाताला प्लास्टर आहे, वेणी कोण घालतं तिची? तुम्हाला येत नाही, मला माहीत आहे.

हर्षदा


रांजणगाव, २० जानेवारी २००७

चि. हर्षदा,

टेम्पोचं तू लिहिलंस. त्यावर मला काही लिहिता येत न्हाई.

परवा तू आलीस, तिची वेणी घालायला बसलीस. तिनं मान खाली करून घालू दिली. मी छत्री लावायच्या निमित्तानं बाहेरच होतो, पण मला सगळं ऐकू येत होतं. "कुठल्या गं बाई तुम्ही?" तिनं इचारलं. तुला 'तुम्ही' म्हणाली. तू म्हणालीस, सणसवाडीची. "मालक काय करतात?" तू म्हणालीस, एकटीच असते. तवा ती म्हणाली, "बाई बाई. मग आईबापाकडं का न्हाई राहत?"

त्यावर तू फणी ठेवलीस आन् पर्स उचललीस. माझ्याकडं न बघता एसटीच्या थांब्याकडं गेलीस. मी तुला दोष देत न्हाई. मालिका तवा नुकतीच सुरू झाली होती आन् छत्री पहिल्याच झटक्यात लागली होती. पण तुझ्यामागं काय झालं ते तुला माहीत पाहिजे, म्हणून लिहितो.

मी आत आलो. सुमन पडद्यावर बोलत होती, पण तुझी आई तिकडं बघत नव्हती. मागचा फाळका उघडा होता, ती तिकडं बघत होती.

"ती पोरगी कुठं गेली?"

मी म्हटलं, "गेली तिच्या घरी."

"तिला घर न्हाई. एकटी हाय म्हणाली. येणी अर्धीच घातली माझी." मग माझ्याकडं असं बघितलं, जसं आजारी पडायच्या आधी बघायची. "तुम्ही बाहेरच उभं होता न्हवं?"

"व्हय."

"मग जाऊ का दिलं? दारातनं एकटी पोर निघून जाते आन् तुम्ही नुसतं बघत उभं राहता? हाक मारायला तोंड न्हाई तुम्हाला?"

तिनंच उठून, प्लास्टरचा हात सावरत, फाळक्यापाशी बसकण मारली. मी फाळका लावायला गेलो तर लावू दिला न्हाई. वारं गार होतं. टीव्ही मागं चालूच होता. माझ्या हातून तो बंद झाला न्हाई, तिनं बघितला न्हाई. मालिका संपली, बातम्या झाल्या. ती "घरी चला" म्हणाली न्हाई. रस्त्यानं बाई दिसली की पुढं झुकायची आन् "ही का हो?" म्हणून इचारायची.

मग मी उतरलो आन् थांब्यापर्यंत गेलो. तू गेली असशील हे मला ठाऊक होतं. तरी गेलो. थांब्यावर मी तुझ्या नावानं हाक मारली. मोठ्यानं. दोन माणसं वळून बघायला लागली. शिरूरची गाडी लागली होती, पुण्याची सुटून गेली होती.

आप्पा


शिरूर, ६ मे २००७

चि. हर्षदा,

तू दर गुरुवारी येतीस आन् तरी मी पत्र लिहितोय, म्हणून हसशील. पण समोर बसलीस की मला बोलणं सुचत न्हाई. कागदावर जमतं.

टेम्पो परवा गेला. घेणाऱ्यानं छत्री नको म्हटलं, ती पाइपासकट कापून ठेवली. झुंबरबाईंनी तिच्यात कुरडया वाळत घातल्यात. तुझ्या आईला आता टीव्ही समजत न्हाई. मालिकेतल्या माणसांचा आवाज आला की दचकते. उठून चालत बी न्हाई. दिवेलागणीला मी तिच्याजवळ बसतो. वाट बघतो की म्हणंल, चला घरी. ह्या एका शब्दानं माझा जीव नकोसा केला होता. आता तो ऐकायला मिळत न्हाई, तर संध्याकाळ सरत न्हाई.

मागच्या गुरुवारी तू जाताना इचारलंस, "आप्पा, तिनं कवा माझं नाव घेतलं का?" मी गडबडीनं पाणी आणायला गेलो. तू समजून गेली असशील, पण इचारलंयस तर सांगितलं पाहिजे. न्हाई घेतलं. आजारात एकदा बी न्हाई. आधीची सहा वर्षं रागानं घेतलं न्हाई, आन् राग गेला तवा नाव बी त्याच्याबरोबर गेलं. तुझी खोली कुठली, तू लहानपणी कुठं झोपायचीस, काही तिच्याकडं राहिलं न्हाई. मी तुला खोटं सांगितलं असतं तर तुला बरं वाटलं असतं, पण ते तू ओळखलं असतंस.

काल मी भरवत होतो तर तिनं तोंड मिटून घेतलं. किती येळ चमचा धरून बसलो. तुझ्या हातून ती खाते, ते मी बघितलंय. का खाते ते तिला माहीत न्हाई, मला बी न्हाई.

भाकरी आता गिळवत न्हाई. गुरुवारी येशील तवा मऊ भाताची पेज कशी करायची ते मला दाखव. बाकीचे दिवस मलाच करायची हाय.

तुझा आप्पा